पाकीट छापण्याआधी कबाड्याला विचारा

ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या पाकिटाचं नशीब कचऱ्याच्या डब्यापाशी पोचायच्या कितीतरी आधी ठरतं. पॅकिंगच्या मालाच्या दुकानात नमुन्यांचा गठ्ठा समोर येतो, शेव-चिवडा विकणारा त्यातलं सगळ्यात चमकणारं पाकीट बोटाने पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘हेच छापा.’ झालं. पुढे गिऱ्हाइकाने ते पुसून वेगळं ठेवलं, महापालिकेची गाडी वेळेवर आली, सफाई कामगाराने ते निवडून बाजूला काढलं, तरी ते केदारपूरच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर जाणार किंवा स्वर्णरेखा नदीत अडकणार. त्या पाकिटाला पुन्हा वितळवून कामाचं काही करणारं कुणी या शहरात बसलेलं नाही.

आपण मात्र वर्षानुवर्षं घरातल्या बाईला शिकवतोय, ओला वेगळा ठेव, सुका वेगळा ठेव. तिने केव्हाच ठेवायला सुरुवात केली. आता पाळी पाकीट निवडणाऱ्याची आहे. नया बाजार, दाल बाजार, लोहिया बाजारापासून फालका बाजारापर्यंत जो कुणी शेव, मसाला, पापड, गजक, लोणचं स्वतःच्या नावाने भरून विकतो, त्याच्याशी मला आज बोलायचं आहे. मोठ्या कंपन्यांकडे नंतर वळतो.

दादा, एक दुपार काढा आणि जवळच्या कबाड्याच्या दुकानात बसा. तो पाकिटावरचं काहीही वाचत नाही. खालच्या त्रिकोणातला आकडासुद्धा फारसा बघत नाही. पन्नी हातात घेतो आणि मुठीत चुरगाळतो. कुरकुर आवाज आला की पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एका पोत्यात. आवाज न करता मऊ दबली, अंगठ्याने ओढल्यावर ताणली गेली की एलडी, म्हणजे एलडीपीई जातीचं पॉलिथीन, दुसऱ्या पोत्यात. आतून चांदीसारखी चमकली की मागे. तिच्यासाठी पोतं नाही. दिवस संपताना त्याच्या मागे जो ढीग साचतो, तो त्याच्याकडून कुणी विकत घेत नाही, आणि जे विकत घेतलं जात नाही ते पुन्हा वापरात येत नाही. आपल्या देशात प्लास्टिकचा पुनर्वापर कबाड्याच्या भावावर चालतो. पाकिटावर छापलेला गोल फिरणारा बाण त्या भावात एका पैशाची भर घालत नाही.

त्याची ती मुठीतली परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. एलडीपीई साधारण ११० अंशांना वितळतं. पीपीला १६० च्या आसपास उष्णता लागते. पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, २५० च्या वर गेल्याशिवाय हलत नाही. आता शेवेच्या चमकत्या पाकिटात बाहेर पेटचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, आत पॉलिथीन, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. कारखानदाराने भट्टी किती अंशांवर लावायची? कमी ठेवली तर पेटचे खडे तसेच राहतात, वाढवली तर पॉलिथीन जळायला लागतं. थर सोडवायची रसायनं आहेत, परदेशात त्यांचे प्रकल्पही झाले आहेत. आपल्या लष्कर भागातल्या कबाड्याला त्यांचा काय उपयोग?

दुधाची पिशवी बघा म्हणजे फरक कळेल. सांचीची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी आणि शेवेचं छोटं पाकीट, वजनाला दोन्ही जवळपास सारखीच, दोन-तीन ग्रॅमची. एक किलो भरायला तीन-चारशे गोळा कराव्या लागतात. तरी दुधाची पिशवी कबाडी घेतो आणि शेवेचं पाकीट फुकट दिलं तरी नेत नाही. दुधाची पिशवी एकाच घराण्यातल्या पॉलिथीनची असते, दुसरं काही त्यात मिसळलेलं नसतं. एवढं एकच कारण. हलकं असणं हा मोठा दोष नव्हे, मिसळलेलं असणं हा दोष आहे.

(काकूंसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा लटकता ठेवा. नखाएवढा तो तुकडा कुणाच्या हाताला लागत नाही, गटारात मात्र बरोबर पोचतो. पिशवी विसळून, वाळवून, दहा-बारा एकत्र झाल्या की द्या. दुधाचा आंबूस वास असलेल्या मालाला भाव कमी मिळतो.)

आता गजक. आपल्या भागाची ही खरी मिरवायची वस्तू. मुरैनाच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरहून पुण्याला निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात तिचा डबा नसेल तर तिकडे दारात पहिला प्रश्न तोच असतो. गजकेचे शत्रू दोन. पहिला दमट हवा. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो आणि गजक सादळते, दाताखाली मोडायची ती चिवट होते. दुसरा शत्रू हवा आणि उजेड, त्यांनी तिळाचं तेल खवट होतं. पण हे दुसरं सावकाश होतं, पहिलं झपाट्याने. डिसेंबरात बनलेली गजक बहुतेक घरांत संक्रांतीपर्यंत संपते. अशा मालाला पाणी अडवणारं आवरण लागतं, आणि पाणी अडवायला साधं पारदर्शक पीपी उत्तम आहे. हवा अडवण्यात ते कमी पडतं, हे खरं. पण तीन-चार आठवड्यांत खाऊन संपणाऱ्या गजकेला सहा महिने टिकवणारा ॲल्युमिनियमचा थर कशासाठी? बाहेर पीपी, आत चिकटवायला पीपीचाच दुसरा प्रकार, दोन्ही एकाच घराण्यातले. असं पाकीट मिळतं, छापता येतं, मशीनवर चालतं. कबाडी त्याला कुरकुरीच्या पोत्यात टाकतो. ज्यांना खरोखर सहा महिन्यांचा माल परदेशी पाठवायचा आहे त्यांनी पत्र्याच्या डब्यात पाठवावा. पत्र्याला भंगारात कधी गिऱ्हाईक कमी पडलं नाही.

गजकेच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ती जी पारदर्शक फिल्म घट्ट ताणून बसवतात, तिच्याबद्दल तर बोलायलाच हवं. मिठाईच्या डब्याभोवतीची प्लास्टिक फिल्म देशभर बंद आहे. १ जुलै २०२२ पासून ज्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत प्लास्टिकचे चमचे, ग्लास, स्ट्रॉ यांच्या शेजारी मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्यावर गुंडाळायची फिल्म स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. स्ट्रॉची बातमी सगळ्यांना ठाऊक, फिल्मची कुणाला नाही. त्या फिल्मचं आयुष्य दुकानातून घरापर्यंत. नखाने फाडली की चिंधड्या होतात आणि अशा चिंधड्या कबाडी उचलत नाही. डबा हाती येईपर्यंत कुणी उघडला नाही याची खात्री द्यायची असेल तर कागदी पट्टी चिकटवा. डबा तसाही पुठ्ठ्याचा आहे, पट्टी त्याच्याबरोबर रद्दीत जाईल.

बाटल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त चीड आणणारी आहे, कारण पेटची बाटली ही प्लास्टिकमधली सगळ्यात मागणी असलेली चीज. रंगहीन, साफ बाटली कबाडी डोळे झाकून घेतो. तिचे तुकडे होतात, तुकड्यांचा धागा होतो, तो उशांत, रजयांत, कपड्यांत जातो. आणि इतक्या चांगल्या मालाची आपण वाट लावतो ती केवळ सजावटीपायी. सरबताच्या, तेलाच्या बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत रंगीत आवरण चढवतात, गरम हवेने आवळून बसणारं. ते पुष्कळदा पीव्हीसीचं असतं. कारखान्यात बाटल्यांचे तुकडे पाण्यात टाकतात. झाकणाचे तुकडे पीपीचे किंवा एचडीपीईचे, पाण्यापेक्षा हलके, ते वर तरंगतात आणि काढून घेतले जातात. पेट बुडतं. आणि पीव्हीसीही बुडतं, कारण त्याची घनता पेटच्या जवळपास तितकीच. पाण्याला ते वेगळं काढता येत नाही. मग पेट वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि सगळा घाणा पिवळा, तपकिरी पडतो. बारीकसा वाटा मिसळला तरी पुरतो. याच्या जागी बाटलीच्या पोटावर पीपीची अरुंद पट्टी लावली, तीही मोजक्या गोंदाने, तर ती पाण्यात तरंगते आणि सुटते. खर्चही कमी. तरी आपण आवरणच घेतो, कारण शेजारच्याने घेतलं.

रंगाचंही तसंच. हिरवी, निळी, तपकिरी बाटली गोळा होते, पण भाव खाली येतो, कारण तिच्यापासून पांढरा धागा होत नाही. जपानमधल्या पेय कंपन्यांनी २००१ मध्ये आपापसांत ठरवून रंगीत पेट बाटल्या बंद केल्या. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१९ पासून कायद्यानेच रंगीत पेट बाटल्यांना आणि पॅकिंगमधल्या पीव्हीसीला मनाई केली. स्प्राइटची हिरवी बाटली म्हणजे त्या पेयाची ओळख, तीही उत्तर अमेरिकेत २०२२ मध्ये रंगहीन झाली. इतक्या मोठ्या खपाच्या पेयाला आपली ओळख सोडता येते, तर आपल्या खसच्या सरबताला हिरवी बाटली का लागते? सरबत स्वतःच हिरवं आहे.

काळा डबाही तसाच. हॉटेलवाल्यांनी भाजी-आमटीसाठी काळे डबे आणले, वर पारदर्शक झाकण. दिसायला ऐटदार. पण काळ्यातून फक्त काळंच निघतं, त्याला पुन्हा दुसरा रंग देता येत नाही, म्हणून भाव पडतो. परदेशात जिथे यंत्रं प्रकाशाने प्लास्टिक ओळखून निवडतात, तिथे काजळी घातलेला काळा डबा यंत्राला दिसतच नाही. तोच डबा पारदर्शक पीपीचा घ्या. काकू तो घासून पुढे वर्षभर डाळ ठेवायला वापरतील आणि मोडला की कबाडी नेईल.

एक मोठा गैरसमज मात्र काढायला हवा, कारण त्यात चांगल्या मनाची माणसं फसतात. कपड्यांच्या दुकानात मिळते ती जाळीदार, कापडासारखी दिसणारी पिशवी कापडाची नाही. ती पीपीचीच आहे, धागे विणण्याऐवजी दाबून चिकटवलेले. तिच्यासाठी ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान वजनाची अट आहे, दर चौरस मीटरला ६० ग्रॅम. ती अट पाळलेली पिशवी टिकते. त्याहून हलकी असली की दोन महिन्यांत धाग्या-धाग्याने सुटते आणि ते धागे कुणी गोळा करत नाही. दुसरी फसवणूक ‘विघटनशील’ प्लास्टिकच्या नावाखाली होते. खरं कंपोस्ट होणारं प्लास्टिक असतं, पण त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि बऱ्याचदा कंपोस्टच्या मोठ्या प्रकल्पातली उष्णताही लागते. ते घराच्या कुंडीत किंवा स्वर्णरेखेत आपोआप नाहीसं होत नाही. वरून त्यातलं पीएलए नावाचं प्लास्टिक दिसायला हुबेहूब पेटसारखं, पेटसारखंच पाण्यात बुडणारं. चांगल्या बाटल्यांच्या घाण्यात ते मिसळलं की तो घाणा खराब. जिथे गोळा करायची वेगळी सोय नाही तिथे असं पाकीट आणणं म्हणजे कबाड्याच्या पोटावर पाय देणं, हे मी जबाबदारीने लिहितो आहे.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पॅकिंगच्या प्लास्टिकचे चार वर्ग पाडले. कडक डबे-बाटल्या पहिल्या वर्गात, एका किंवा अनेक जातींच्या प्लास्टिकच्या पिशव्या-पाकिटं दुसऱ्यात, प्लास्टिकबरोबर प्लास्टिक नसलेलं काही चिकटवलेलं असेल तर तिसऱ्यात, कंपोस्ट होणारं चौथ्यात. पहिल्या वर्गातल्या मालाचं २०२४-२५ मध्ये किमान ५० टक्के रिसायकलिंग व्हायला हवं होतं, २०२७-२८ पर्यंत ८० टक्के व्हायला हवं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांसाठी ३० वरून ६०. शिवाय बाटल्या-डब्यांत जुनं प्लास्टिक मिसळण्याची सक्ती २०२५-२६ पासून, सुरुवात ३० टक्क्यांनी. मोठ्या कंपन्यांना हे आकडे भरावेच लागतात, म्हणून साफ, रंगहीन मालाची मागणी वाढायला हवी. तिसऱ्या वर्गातलं पाकीट सिमेंटच्या भट्टीत जाळलं किंवा रस्त्याच्या डांबरात मिसळलं तर ते अंतिम विल्हेवाटीत धरलं जातं, रिसायकलिंगमध्ये नाही. हा फरक कायद्याने केला हे फार बरं झालं. जळालेल्या पाकिटाचं पुन्हा पाकीट होत नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांवर मात्र ही जबाबदारी थेट टाकलेली नाही. नया बाजारात घरच्या तळघरात शेव भरणाऱ्याला दिल्लीच्या पोर्टलवर आकडे भरायला लावणं मला मान्यही नाही. पण सवलत नोंदणीची मिळाली आहे, पाकिटाची निवड तर त्याच्याच हातात आहे. आणि नुसत्या बंदीवर विसंबून राहिलं की काय होतं ते या राज्याने पाहिलं आहे. गुटखा, तंबाखू आणि पानमसाला यांच्यासाठी प्लास्टिकची पुडी वापरायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०११ पासून लागू आहे आणि प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही तेच लिहिलं आहे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ ला गुटख्यावरच बंदी आणली, देशात सगळ्यात आधी. कुठल्याही पानाच्या टपरीखालची जमीन बघा. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. पुड्या दुप्पट झाल्या. स्वर्णरेखेच्या सफाईसाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाकडे जावं लागलं ते उगीच नाही.

मोठ्या कंपन्यांकडे येतो म्हटलं होतं. एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीने गरीब घरात शाम्पू पोचवला, हे नाकारायचं कारण नाही. तमिळनाडूतल्या एका छोट्या उद्योजक घराण्याने ती कल्पना रुजवली, पुढे सगळ्या बड्यांनी उचलली. पण ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, पैसा आहे, त्यांनी इतक्या वर्षांत ही पुडी एकाच जातीच्या प्लास्टिकची का केली नाही, असं मी रोखठोक विचारतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. २०१३ मध्ये त्या बायांनी स्वतःला हाताळावे लागणारे वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. मला तो मार्ग पटतो. कबाड्याच्या मागचा तो चमकता ढीगही नावानिशी छापलेलाच असतो. कुणाचा आहे ते शोधायला वेळ लागत नाही.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. ‘गिऱ्हाईक चमक बघतं.’ थोडं बघतं, मान्य. पण शेव पारदर्शक पाकिटातून दिसते तेव्हा गिऱ्हाईक शेव बघतं, तिचा रंग, तिची जाडी, तळाशी चुरा किती आहे ते. ज्याचा माल चांगला आहे त्याने तो झाकायचा कशाला? ‘महाग पडेल’ हे दुसरं म्हणणं. हवाही कडेकोट अडवणारं एकजिनसी पाकीट खरंच महाग पडतं, मी लपवत नाही. पण बहुतेक मालाला ते लागतच नाही. आणि छपाईचा हिशेब मांडून बघा. पाकिटावर जितके रंग तितके कोरलेले सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरचे पैसे वेगळे. सात रंगांची देवी, सूर्य, शेताचं चित्र काढून टाका. दोन रंगांत नाव, वजन, तारीख, पत्ता बसतो. सिलिंडर वाचतात, शाईही वाचते, आणि शाई जितकी कमी तितके पुन्हा वितळवलेले दाणे स्वच्छ निघतात. जास्त शाईच्या पन्नीचे दाणे मळकट करडे होतात आणि मग त्यांच्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्याच तेवढ्या होतात.

एकदा सिलिंडर कोरले की पुढची कित्येक वर्षं तेच पाकीट निघत राहतं, म्हणून घाई आत्ता करायची. हिवाळ्याच्या मालाचं छापायचं काम पावसाळ्यात जातं. नमुना हातात आला की खिशात घाला आणि कबाड्याकडे जा. किलोला काय देशील, एवढंच विचारा.

गणपती मंडळांनाही पावसाळ्यातच ऑर्डरी द्यायच्या असतात. लष्करच्या मराठी मंडळांत प्रसादाच्या डब्यांचं काम ज्या कुणा काका-मामांकडे असेल, त्यांनी हलवायाला देण्याच्या चिठ्ठीवर वजन आणि संख्येच्या खाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: डब्यावर फिल्म नको. आत चांदीच्या कागदाऐवजी साधा बटर पेपर. हलवाई ‘चालेल’ म्हणेल, त्याचाही खर्च वाचतो आहे. आणि पाण्याच्या बाटल्या मागवाल तर रंगहीन मागवा, मंडपाच्या कोपऱ्यात दोन रिकामी पोती टांगा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कबाड्याला बोलवा, तो स्वतःच्या हातगाडीवर ती भरून नेईल.